दोन डोळ्यांची भेट घडवून दाखवणारा माणूस

दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी, ही म्हण आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होती. नाकाच्या अल्याड-पल्याड राहणारे हे दोन शेजारी जन्मभर एकमेकांना पाहत नाहीत, हे खरेच. पण त्यांची भेट होतच नाही, हे मात्र खरे नाही. ती भेट डोक्याच्या मागच्या भागात, मेंदूत होते आणि जागेपणी दर क्षणी होते. सुईत दोरा ओवताना, जिना उतरताना, कपात चहा ओतताना समोरची वस्तू नेमकी किती लांब आहे, हे त्या भेटीतून कळते. अशी भेट होते हे पुराव्यानिशी दाखवणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो लंडनमधल्या एका वाद्यांच्या दुकानात घडलेला, अतिशय भिडस्त संशोधक होता. त्याचे नाव चार्ल्स व्हीटस्टन.

बारावीला विज्ञान घेतलेल्यांना हे नाव आठवेल. व्हीटस्टन ब्रिज! प्रयोगवहीत काढलेली ती चौकट, चार बाजूंना चार रेझिस्टन्स आणि मध्ये गॅल्व्हानोमीटर. गंमत अशी की, हा ब्रिज त्यांनी शोधलेलाच नव्हता. सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी ही जुळणी १८३३ मध्येच मांडली होती. व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती लोकांपुढे आणली आणि श्रेय ख्रिस्टी यांचे असल्याचे सांगितलेही. तरी नाव यांचेच चिकटले. उलट, जो शोध खरोखर त्यांचा आहे आणि ज्याच्या आधारावर आज लहान मुलांच्या डोळ्यांची एक महत्त्वाची तपासणी उभी आहे, त्याच्याशी त्यांचे नाव फारसे कोणी जोडत नाही. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ.

वाद्यांचे दुकान

चार्ल्स यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८०२ रोजी इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरजवळच्या बार्नवूड या गावी झाला. घराण्याचा धंदा वाद्यांचा. वडील वाद्ये विकत आणि बासरी शिकवत. पुढे कुटुंब लंडनला आले. चौदाव्या वर्षी चार्ल्सला काकांच्या वाद्यांच्या दुकानात शिकाऊ म्हणून बसवण्यात आले. दुकानदारीत मुलाचे मन रमेना. हाती आलेले पैसे जुन्या पुस्तकांवर जात. व्होल्टा यांच्या विजेवरच्या शोधांचे एक पुस्तक फ्रेंच भाषेत होते, तर ते वाचण्यासाठी त्याने पैसे साठवून शब्दकोशही घेतला आणि वीजघट बनवताना तांबे कमी पडले तेव्हा खिशातली तांब्याची नाणीच त्यात घातली, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांत येते.

१८२१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, या मुलाने लंडनकरांना चकित केले. त्याने एका खोलीत छताला टांगलेली वीणेसारखी एक तंतुवाद्याची आकृती ठेवली. तिला कोणी हात लावत नसे, तरी तिच्यातून संगीत ऐकू येई. खरी वाद्ये वरच्या मजल्यावर वाजत होती. छतातून आलेल्या धातूच्या तारेवाटे त्यांची कंपने खालच्या वाद्यात उतरत होती. बघ्यांना ती जादू वाटली. चार्ल्सच्या दृष्टीने ते घन पदार्थातून आवाज कसा प्रवास करतो, याचे प्रात्यक्षिक होते. पुढे १८२७ मध्ये बारीक आवाज कानापर्यंत पोहोचवणारे, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपच्या जातीचे एक साधन त्यांनी केले आणि त्याला मायक्रोफोन असे नाव दिले. आज हा शब्द वेगळ्या यंत्रासाठी वापरला जातो. आपल्या पेटीप्रमाणेच धातूच्या पट्ट्या हवेने थरथरवून सूर काढणारे, दोन्ही हातांत धरून वाजवायचे कॉन्सर्टिना हे वाद्यही त्यांचेच.

काका वारल्यावर चार्ल्स आणि त्यांचा भाऊ विल्यम यांनी दुकान सांभाळले. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या माणसाला १८३४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने प्रयोगाधारित विज्ञानाचे प्राध्यापक नेमले. त्याच वर्षी वेगाने फिरणारा आरसा वापरून त्यांनी तारेतील विजेचा वेग मोजण्याचा प्रयत्न केला. आकडा चुकला, प्रकाशाच्या वेगापेक्षाही जास्त निघाला. पण फिरत्या आरशाची युक्ती इतकी नामी होती, की पुढे फ्रान्समध्ये प्रकाशाचा वेग मोजण्यासाठी तीच कामी आली. विल्यम कुक यांच्यासोबत त्यांनी १८३७ मध्ये विजेच्या तारायंत्राचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या युस्टन आणि कॅम्डन टाउन या ठिकाणांदरम्यान रेल्वेमार्गालगत त्याची चाचणी झाली. जगभरचे संदेश तारेवरून धाडण्याच्या कामी हातभार लावणारा हा प्राध्यापक वर्गात चार लोकांपुढे बोलायला मात्र कचरत असे. त्यांच्या संशोधनावरची काही व्याख्याने त्यांचे मित्र मायकेल फॅरेडे यांनी दिली.

दोन चित्रे, एक आकार

वाद्ये, तारा, वीज यांच्यात रमलेला हा माणूस डोळ्यांकडे कसा वळला? त्यांना कुतूहल होते ते इंद्रियांचे. कान कसा ऐकतो हे पाहता पाहता डोळा कसा पाहतो, हा प्रश्न आला.

एक साधा प्रयोग आताच करून पाहा. हात लांब करून अंगठा उभा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारताना दिसेल. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटीमीटर अंतर असते. तेवढ्या फरकाने दोन्ही डोळे जग दोन कोनांतून पाहतात आणि दोघांच्या पडद्यावर उमटणारी चित्रे थोडी वेगळी असतात. हे युक्लिडला, ग्रीक वैद्य गॅलेनला, लिओनार्दो दा विंचीलाही माहीत होते. पण या फरकाचा उपयोग काय, हे कोणाच्या नीट ध्यानात आले नव्हते. बहुतेकांना तो एक अडथळाच वाटे. दोन चित्रे असूनही आपल्याला एकच जग दिसते ते कसे, या कोड्यातच विद्वान गुंतले होते.

व्हीटस्टन यांनी प्रश्न उलटा केला. हा फरक अडथळा नसून तीच माहिती असली तर? पडताळण्यासाठी त्यांनी एक साधे यंत्र केले. दोन छोटे आरसे एकमेकांशी काटकोनात उभे, त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंना दोन चित्रे. पाहणाऱ्याने आरशांसमोर नाक आणले, की डाव्या डोळ्याला फक्त डावे चित्र दिसते, उजव्याला फक्त उजवे. चित्रे म्हणजे नुसत्या रेघांनी काढलेले ठोकळे आणि शंकू. एक चित्र डाव्या डोळ्याला दिसेल तसे, दुसरे उजव्या डोळ्याला दिसेल तसे. त्यांत सावली नाही, रंग नाही, जवळचे ठळक नि लांबचे पुसट असा भेदही नाही. खोलीचा अंदाज देणारी बाकी सगळी साधने त्यांनी मुद्दाम काढून टाकली होती. उरला होता तो फक्त दोन चित्रांतला फरक.

आणि आरशात पाहणाऱ्याला सपाट कागदावरच्या रेघा हवेत उभ्या असलेल्या ठोकळ्यासारख्या दिसल्या! २१ जून १८३८ रोजी रॉयल सोसायटीपुढे हा निबंध मांडला गेला. यंत्राचे नाव होते स्टिरिओस्कोप. दोन डोळ्यांच्या चित्रांतील फरक मेंदू मोजतो आणि त्यातून खोली घडवतो, हे प्रथमच प्रयोगाने दिसले. १८४० मध्ये सोसायटीने त्यांना रॉयल मेडल दिले. १८५२ मध्ये याच विषयावरील दुसऱ्या निबंधात त्यांनी दोन डोळ्यांची चित्रे एकमेकांत अदलाबदल करणारे यंत्र मांडले. त्यातून पाहिले, की कपाची खोलगट बाजू फुगीर दिसे. डोळे तेच, कप तोच; मेंदूला हिशोब उलटा मिळाला, की जगही उलटे होत होते.

हलत्या चित्राची कल्पना

पुढचे वळण फोटोग्राफीने दिले. १८३९ मध्ये तिची घोषणा झाली आणि लवकरच व्हीटस्टन यांच्या सांगण्यावरून स्टिरिओस्कोपसाठी फोटोंच्या जोड्या तयार होऊ लागल्या. पण त्यांचे आरशांचे यंत्र अवजड होते. कॅलिडोस्कोपचे जनक सर डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये भिंगांचा आटोपशीर स्टिरिओस्कोप मांडला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला तो आवडला आणि घरोघरी त्याचे वेड पसरले. ब्रूस्टर यांनी व्हीटस्टन यांचे श्रेयही नाकारले आणि दोघांचा वाद वर्तमानपत्रांपर्यंत गेला. बॉस्टनचे डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ च्या सुमारास हातात धरायचा स्वस्त स्टिरिओस्कोप केला आणि त्याचे पेटंट न घेता तो सर्वांना खुला ठेवला.

याच काळातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. बेल्जियमचे जोसेफ प्लाटो यांनी १८३२ च्या सुमारास फिरत्या तबकडीवरची चित्रे हलती दाखवणारे खेळणे केले होते. सिनेमा आणि ॲनिमेशनचा तो पूर्वज. व्हीटस्टन यांनी प्लाटो यांना सुचवले, की तुमची तबकडी आणि माझा स्टिरिओस्कोप एकत्र केले तर चित्र हलतेही दिसेल आणि भरीवही. प्लाटो यांनी १८४९ मध्ये ही कल्पना प्रसिद्ध केली. थ्रीडी सिनेमाचा विचार तो इतका जुना. दुःखाची बाब ही, की तोवर प्लाटो यांची दृष्टी पूर्ण गेली होती. त्यांनी तरुणपणी प्रयोगासाठी सूर्याकडे टक लावून पाहिले होते, त्याचा हा परिणाम, असे बरीच वर्षे सांगितले जाई. नंतरच्या तज्ज्ञांनी डोळ्याच्या आतील जुनाट दाह हे कारण अधिक संभवनीय मानले आहे. कारण काही असो, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे पाहिल्यास पडद्याला कायमची इजा होऊ शकते, हे विसरू नये.

लपवाछपवीची व्हीटस्टन यांना मुळातच आवड. मंतरलेल्या वीणेत त्यांनी आवाज लपवला. १८५४ मध्ये अक्षरांच्या जोड्या बदलून मजकूर लपवणारी सांकेतिक लिपी त्यांनी तयार केली. लायन प्लेफेअर यांनी तिचा प्रचार केला, म्हणून ती प्लेफेअर यांच्याच नावाने ओळखली गेली आणि पहिल्या महायुद्धातही वापरात होती. ब्रिज दुसऱ्याचा, नाव यांचे. लिपी यांची, नाव दुसऱ्याचे!

१८४७ मध्ये एमा वेस्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच मुले झाली. १८६८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. समुद्राखालील तारेच्या कामासाठी पॅरिसला गेले असताना त्यांना फुप्फुसाचा आजार झाला आणि १९ ऑक्टोबर १८७५ रोजी त्यांचे तिथेच निधन झाले.

टीव्हीवरच्या मुंग्यांत लपलेले चित्र

व्हीटस्टन यांच्या प्रयोगात एक फट उरली होती. ठोकळ्याच्या रेघा एका डोळ्यालाही ठोकळ्यासारख्याच दिसतात. मग मेंदू आधी ठोकळा ओळखतो आणि नंतर त्याला खोली देतो, असे कोणी म्हटले तर? ही फट भरायला सव्वाशे वर्षे लागत आली. हंगेरीत जन्मलेले बेला यूलेस १९५६ च्या उठावानंतर देश सोडून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आले. विमानातून घेतलेल्या फोटोंची जोडी स्टिरिओस्कोपमधून पाहिली, की झाडाझुडपांत दडवलेल्या वस्तूही उठून दिसतात, हे त्यांना माहीत होते. १९५९ मध्ये त्यांनी कॉम्प्युटरकडून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची अगदी विस्कळीत चित्रे करून घेतली. डाव्या चित्रातला मधला चौकोन उजव्या चित्रात किंचित सरकवलेला, एवढाच फरक. कोणत्याही एका चित्रात पाहा, नुसता रवा सांडल्यासारखे ठिपके. दोन्ही एकत्र पाहा, चौकोन कागद सोडून पुढे येतो. एकट्या डोळ्याला न दिसणारी, फक्त दोघांच्या भेटीत जन्मणारी आकृती ती हीच.

हे कळायला सोलापूरकरांना लांब जायला नको. आपल्या चादरीवर एकसारखी नक्षी पुन्हा पुन्हा येते. दोन नक्ष्यांमधले अंतर पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा कमी असेल अशी चादर भिंतीवर टांगा आणि तिच्या आरपार लांबचे काही पाहतो आहोत अशी नजर सैल सोडा. डावा डोळा एका नक्षीवर आणि उजवा शेजारच्या नक्षीवर स्थिरावला, की मेंदू दोन्ही नक्ष्या एकच समजतो आणि सगळी चादर भिंतीच्या मागे सरकल्यासारखी दिसते. ब्रूस्टर यांनी हा प्रकार १८४४ मध्ये नोंदवला होता. आता समजा, एखाद्या जागी नक्ष्यांमधले अंतर जरासे कमी केले, तर तो भाग जवळ आल्यासारखा दिसेल. वाढवले, तर लांब. याच तत्त्वावर ख्रिस्तोफर टायलर आणि मॉरीन क्लार्क यांनी १९७९ मध्ये एकाच कागदावरचे, यंत्राशिवाय पाहता येणारे स्टिरिओग्राम तयार केले. ठिपक्यांचा एक उभा पट्टा घ्यायचा, तो उजवीकडे पुन्हा पुन्हा छापायचा आणि जिथे आकृती लपवायची तिथे ठिपके थोडे सरकवून ते अंतर बदलायचे, एवढीच युक्ती. नव्वदच्या दशकात मॅजिक आय या नावाने अशा चित्रांची पुस्तके जगभर खपली. कागद नाकाला टेकवून, नजर सैल ठेवून हळूहळू लांब नेताना कुणाला डॉल्फिन दिसे, कुणाला हृदय, आणि कुणाला काहीच दिसत नसे.

हेच चित्र हलतेही करता येते. लपलेल्या आकृतीची जागा थोडी थोडी बदलत जाणारी अनेक चित्रे करायची आणि एकामागून एक वेगाने दाखवायची. अट एकच. दर चित्रात सगळे ठिपके नव्याने पसरावे लागतात. तेच ठिपके ठेवून आकृती सरकवली, तर तिच्या कडा हलताना एका डोळ्यालाही दिसतात आणि गुपित फुटते. ठिपके दर वेळी नवे असले, की एका डोळ्याला फक्त जुन्या टीव्हीवर यायच्या तशा मुंग्या दिसतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून, दोघांची नजर जुळवून पाहणाऱ्याला मात्र त्या मुंग्यांतून एखादा चौकोन चालत गेल्यासारखा दिसतो. व्हीटस्टन आणि प्लाटो यांनी मनात आणलेला हलता स्टिरिओस्कोप असा पूर्णत्वाला गेला.

भेट चुकली तर

इथे हा खेळ दवाखान्यात शिरतो. तान्ह्या बाळाची दोन डोळ्यांची भेट सुरू झाली आहे का, हे बाळाला विचारणार कसे? १९८० मध्ये रॉबर्ट फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बाळांना लाल-हिरवे चष्मे लावून मुंग्यांतून सरकणारी लपलेली आकृती दाखवली. बाळाची नजर तिच्यामागे गेली, की दोन डोळ्यांची भेट झाली, हे उघड. साधारण साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ही क्षमता उगवते, असे दिसले.

याचा अर्थ ही भेट जन्मतःच तयार नसते. ती बाळपणी घडते आणि घडण्यासाठी दोन्ही डोळ्यांकडून मेंदूला स्पष्ट चित्र मिळावे लागते. एका डोळ्याला मोठा नंबर असेल, डोळा तिरळा असेल, जन्मजात मोतीबिंदू किंवा पापणी खाली आलेली असेल, तर मेंदू त्या डोळ्याचे म्हणणे ऐकणे सोडून देतो. डोळा वरून चांगला दिसतो, पण त्याची दृष्टी वाढत नाही. याला आळशी डोळा म्हणतात. जगभरात शंभर मुलांमागे साधारण दोन-तीन मुलांत तो आढळतो. मूल तक्रार करत नाही, कारण त्याने दुसरे काही पाहिलेलेच नसते. चांगल्या डोळ्यावर त्याचे सगळे भागते. बऱ्याचदा मोठेपणी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत एक डोळा झाकल्यावर कळते, की दुसऱ्याने फळ्यावरचे मोठे अक्षरही वाचता येत नाही. तोवर फार उशीर झालेला असतो.

तपासणीसाठी ठिपक्यांचीच चित्रे वापरतात. एका कार्डावर ठिपक्यांत मांजर, चांदणी आणि मोटार लपलेली असते. ते पाहायला चष्माही लागत नाही आणि अक्षरओळखही नको. मूल नुसते बोट दाखवते. ज्याला काही सापडत नाही, त्याचे डोळे नीट तपासावे लागतात. तिरळेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या सिनॉप्टोफोर या यंत्रात एका डोळ्याला सिंह आणि दुसऱ्याला पिंजरा दाखवतात आणि सिंहाला पिंजऱ्यात घालायला सांगतात. हे यंत्र म्हणजे व्हीटस्टन यांच्या आरशांच्या स्टिरिओस्कोपचेच वंशज आहे. स्टिरिओस्कोपचा उपयोग तिरळेपणाच्या उपचारासाठी करण्याची वाट फ्रान्सचे नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांनी एकोणिसाव्या शतकातच पाडली होती. त्यांच्या बहिणीचेच डोळे तिरळे होते.

उपचार अवघड नसतो, चिकाटीचा असतो. आधी योग्य नंबरचा चष्मा, मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया आणि मग डॉक्टर सांगतील तितके तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावेच लागते. घरात इथेच माशी शिंकते. चांगला डोळा झाकायचा कशाला, असे आजीला वाटते, मूल रडते, पट्टी सुटते ती सुटतेच. काही घरांत तर किंचित तिरळा डोळा नशिबाचा मानतात आणि दाखवायलाच नेत नाहीत. मेंदूची ही शिकण्याची खिडकी साधारण सात-आठ वर्षांपर्यंत चांगली उघडी असते. त्यानंतर उपयोग होत नाही असे नाही, पण फायदा कमी आणि कष्ट जास्त.

काही खुणा ध्यानात ठेवा. चार महिन्यांनंतरही बाळाचा डोळा फिरलेला दिसणे, मुलाने मान कलती करून पाहणे, उन्हात एकच डोळा मिटणे, पुस्तक किंवा टीव्ही फार जवळून पाहणे. घरी एक चाचणी करता येते. मूल खेळात असताना त्याचा एक डोळा तळहाताने हलकेच झाका, थोड्या वेळाने दुसरा. एकच डोळा झाकल्यावर ते चिडत असेल, हात ढकलत असेल, तर उघडा राहिलेला डोळा कमजोर असू शकतो. बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर एक दिवसही थांबू नका. मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या आतली गाठ असू शकते. मोठ्या माणसाला अचानक एकाचे दोन दिसू लागले, तर तेही तातडीचे लक्षण आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा मेंदूचा विकार त्यामागे असू शकतो.

कुणी विचारेल, मला ही चित्रे कधीच दिसली नाहीत. माझे काही बिघडले आहे का? प्रत्येक वेळी नाही. पुष्कळांना नजर सैल सोडण्याची सवय नसते. सरावाने जमते. मात्र कितीही प्रयत्न करून काहीच दिसत नसेल, तर दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्यावेत. अशी चित्रे पाहून डोळे बिघडत नाहीत. ताण आला, डोके दुखले, तर थांबावे. पण ती पाहून चष्म्याचा नंबर जातो, यावर विश्वास ठेवू नका.

आणि ज्यांची ही भेट झालीच नाही, त्यांनी खचून जाऊ नये. सावली, आकार, हालचाल यांवरून मेंदू अंतराचा अंदाज घेतच असतो. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावलेले मन्सूर अली खान पतौडी त्याच वर्षी भारताकडून कसोटी खेळले आणि पुढच्या वर्षी एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले. पण जे टाळता येते, ते मुलांच्या वाट्याला का येऊ द्यावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. तिला मुलाला हजर ठेवा. पथकाने पुढे पाठवले, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या नेत्र विभागात घेऊन या. तिरळेपणा किंवा घरात कुणाला लहानपणापासून मोठा नंबर असेल, तर वाट न पाहता आधीच दाखवा. नाहीतर तीन-चार वर्षांच्या वयात, बालवाडीत नाव घालताना, गणवेश आणि दप्तराच्या जोडीने दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी तपासणी करून घ्या.